अंगावरचे दूध आणि बाळंतिणीची तब्येत

नवजात बाळाचे पहिले अन्न म्हणजे आईचा चीक. बाळंतपणानंतरचे दोन-तीन दिवस, कधी पाच दिवसांपर्यंत, येणारे हे दूध घट्ट, चिकट आणि पिवळसर असते. ते थोडे असते. पहिल्या दिवशी एका वेळी जेमतेम चमचा-दीड चमचा. बाळाची गरजही तेवढीच असते. चिकात प्रथिने आणि अ जीवनसत्त्व पुढच्या दुधापेक्षा अधिक असतात. त्यातील इम्युनोग्लोब्युलिन-ए हे संरक्षक द्रव्य बाळाच्या आतड्याच्या अस्तरावर लेपासारखे पसरते आणि जंतूंना चिकटू देत नाही. चीक सौम्य रेचकही असतो. पोटात साठलेली काळपट-हिरवी पहिली शी त्याने लवकर बाहेर पडते आणि काविळीचा जोर कमी राहतो.

मध्य प्रदेशच्या दक्षिण टोकाला तापीकाठी वसलेले बऱ्हाणपूर खानदेशाला लागून आहे. रावेर ओलांडले की जिल्ह्याची हद्द सुरू होते. इथल्या घरांत मराठी, हिंदी, उर्दू बोलली जाते आणि खकनार तालुक्याच्या पाड्यांवर कोरकूही ऐकू येते. कुठे ‘बाळंतीण’ म्हणतात, कुठे ‘जच्चा’. पण तिच्याभोवतीच्या रीती बऱ्याचशा सारख्याच. चीक पिळून टाकणे ही त्यांतलीच एक जुनी रीत. गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस करून शेजारी वाटणाऱ्या घरातही आईचा चीक मात्र ‘जड’ किंवा ‘शिळा’ म्हणून टाकला जातो. त्याऐवजी बाळाला मध, साखरेचे पाणी किंवा घुटी चाटवली जाते. बाळाचे पोट अशा वेळी नको त्या गोष्टीने भरते आणि ते छातीला कमी लागते. मधात बोट्युलिझम या घातक आजाराचे बीजाणू असू शकतात, म्हणून वर्षाच्या आतील बाळाला मध मुळीच द्यायचा नसतो.

जन्मानंतर तासाभरात बाळाला छातीशी लावावे, सहा महिने फक्त अंगावर पाजावे आणि त्यानंतर वरच्या अन्नासोबत दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ पाजत राहावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस भारत सरकारनेही स्वीकारली आहे. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ८८.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झालेली आढळली. पण पहिल्या तासात पाजलेली मुले होती ४१.८ टक्के. म्हणजे बाई दवाखान्यापर्यंत पोचली, तरी पहिला तास अनेकदा वजन, आंघोळ आणि नातेवाइकांच्या हातून हातात फिरण्यात गेला. बाळाची तब्येत ठीक असेल, तर त्याला पुसून कोरडे करून लगेच आईच्या उघड्या छातीवर ठेवणे हे पहिले काम. वजन आणि दुपटे नंतर. सिझेरियन कमरेत भूल देऊन झाले असेल, तर आई शुद्धीवरच असते, त्यामुळे तिलाही मदतीने पहिल्या तासात पाजता येते.

पान्हा कसा फुटतो

गर्भारपणातच स्तनांत दूध तयार करणाऱ्या पेशी सज्ज होतात. वार पडली की प्रोजेस्टेरॉनचे प्रमाण झपाट्याने उतरते आणि प्रोलॅक्टिन या संप्रेरकाला मोकळे रान मिळते. म्हणूनच दोन ते चार दिवसांत छाती भरून येते. बाळ ओढू लागले की स्तनाग्रातील मज्जातंतू मेंदूला निरोप देतात. त्यावर पाठोपाठ दोन संप्रेरके स्रवतात: प्रोलॅक्टिन दूध तयार करते आणि ऑक्सिटोसिन ते पुढे ढकलते. या दुसऱ्या क्रियेला मराठीत ‘पान्हा फुटणे’ म्हणतात. बाळाच्या नुसत्या रडण्याने पान्हा फुटतो, आणि दुखणे, भीती किंवा टोमणे यांनी तो अडतो. ‘दूध आहे, पण येत नाही’ असे बाळंतीण म्हणते, तेव्हा बहुधा असेच काही घडलेले असते.

दूध किती येणार हे छातीच्या आकारावर ठरत नाही. किती वेळा आणि किती पुरते रिकामे होते, यावर ठरते. बऱ्हाणपूरकरांना हे कुंडी भंडाऱ्यावरून चटकन समजेल. सतराव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या या व्यवस्थेत सातपुड्याकडून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून, एकमेकींना जोडलेल्या कुंड्यांमधून शहराकडे येते. ती भरून ठेवलेली टाकी नाही, पाझर आहे. स्तनाचेही तसेच. दूध साठून राहिले की त्यातलेच एक द्रव्य ‘आता पुरे’ असा निरोप पेशींना देते आणि निर्मिती मंदावते. रिकामे झाले की पुन्हा वेग येतो. पुढच्या पाजण्यासाठी दूध ‘साठवून ठेवावे’ म्हणून बाळाला थांबवणारी आई नकळत ते कमी करत असते.

वरचे दूध सुरू करण्यातही हाच धोका असतो. एक बाटली दिली की बाळ एक वेळ ओढत नाही. तेवढे दूध कमी बनते, मग दुसरी बाटली लागते. पंधरा दिवसांत ‘दूध आटले’ असा निष्कर्ष निघतो. रात्री प्रोलॅक्टिन अधिक स्रवते, म्हणून रात्रीचे पाजणे टाळल्यास एकूण दुधावर परिणाम होतो. फक्त अंगावर पाजणारी आई दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध देते.

छातीशी धरण्याची रीत

पाजताना दुखत असेल, तर बहुतेक वेळा बाळाने नीट पकडलेले नसते. आईने पाठीला आधार घेऊन सैल बसावे किंवा कुशीवर निजावे. बाळाचे डोके आणि धड एका रेषेत, पोट आईच्या पोटाला टेकलेले आणि नाक स्तनाग्रासमोर असावे. स्तनाग्र त्याच्या वरच्या ओठाला लावले की ते जांभई दिल्यासारखे तोंड उघडते. त्या क्षणी त्याला स्वतःकडे ओढायचे. आपण त्याच्यावर वाकायचे नाही.

पकड बरोबर असल्याच्या चार खुणा असतात. तोंड मोठे उघडलेले असते, खालचा ओठ बाहेर वळलेला असतो, हनुवटी छातीला टेकलेली असते आणि स्तनाग्राभोवतीचे काळे वर्तुळ खालच्यापेक्षा वरच्या बाजूला अधिक दिसते. गाल आत ओढले जात नाहीत. सुरुवातीचे भराभर ओढणे पान्हा फुटल्यावर संथ होते आणि गिळल्याचा बारीक आवाज ऐकू येतो. नुसते स्तनाग्र चोखणाऱ्या बाळाला दूध कमी मिळते आणि आईला भेगा पडतात. अशा वेळी करंगळी बाळाच्या तोंडाच्या कडेने आत घालून पकड सोडवावी आणि पुन्हा लावावे. टाके ताजे असतील, तर बाळाला काखेखालून बगलेत धरल्यास पोटावर भार येत नाही.

एक बाजू पुरती रिकामी झाली की दुसरी द्यायची. सुरुवातीचे दूध पातळ असते, त्याने तहान भागते. शेवटी येणाऱ्या दुधात स्निग्धांश अधिक असतो, त्याने पोट भरते. पाच-पाच मिनिटांनी बाजू बदलल्यास बाळ पातळ दुधावरच राहते. पाजून झाल्यावर त्याला खांद्यावर घेऊन ढेकर काढावी.

दूध पुरते की नाही

रडणे हे अपुऱ्या दुधाचे प्रमाण नव्हे. बाळ ओल्याने, थंडीने, झोपेने किंवा कुशीसाठीही रडते. भूक लागल्याच्या खुणा रडण्याच्या आधी दिसतात: तोंड वळवणे, जीभ बाहेर काढणे, मूठ चोखणे. पहिल्या महिन्यात चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणे नेहमीचेच आहे.

खरे माप शू आणि वजनाचे. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा फिकट शू होत असेल, तर दूध पुरते आहे. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरू शकते. दहा-चौदा दिवसांत ते मूळ पदावर येते आणि पुढे रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढते. हे माप घ्यायला अंगणवाडीतला काटा पुरेसा आहे.

बऱ्हाणपूरच्या उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. अशा दिवसांत ‘बाळाचा घसा सुकेल’ म्हणून चमचाभर पाणी पाजण्याचा आग्रह होतो. अंगावरच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते; बाळाला उन्हाळ्यात पाणी द्यायचे म्हणजे अधिक वेळा पाजायचे. पाण्याने त्याचे पोट भरते, दूध कमी जाते आणि जुलाबाची वाट उघडते. जुलै २०२२ मध्ये बऱ्हाणपूर हा देशातला पहिला प्रमाणित ‘हर घर जल’ जिल्हा ठरला. घरात आलेल्या त्या नळाच्या पाण्याची गरज पहिले सहा महिने बाळाला नाही, बाळंतिणीला आहे. प्रत्येक पाजण्याच्या वेळी तिच्या हाताशी भरलेला तांब्या असावा. बाळगुटी उगाळून देण्याचीही या काळात गरज नसते. सहाण आणि मुळ्या निर्जंतुक नसतात, आणि वेखंड-जायफळासारख्या द्रव्यांची मात्रा बोटाने मोजता येत नाही.

नवजात मुलामुलींची छाती कधी सुजलेली दिसते आणि तिच्यातून थेंबभर पांढरा स्रावही येतो. आईच्या संप्रेरकांचा तो परिणाम असतो आणि काही आठवड्यांत आपोआप जातो. मालिश करताना ती पिळण्याची सवय काही घरांत आहे. तिने गळू होते.

भेगा, गाठी आणि ताप

भेगांवर पहिला उपाय म्हणजे पकड सुधारणे. पाजून झाल्यावर दुधाचे शेवटचे थेंब स्तनाग्रावर लावून वाऱ्यावर सुकू द्यावेत. दरवेळी साबण लावल्याने त्वचेचे नैसर्गिक तेल जाते. रोजची आंघोळ पुरेशी असते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दगडासारखी दाटते. ती इतकी ताणलेली असते की बाळाला पकडताच येत नाही. अशा वेळी आधी हाताने थोडे दूध काढून वर्तुळाभोवतीचा भाग मऊ करावा, मग बाळाला लावावे. पाजून झाल्यावर थंड पाण्याची घडी ठेवल्याने सूज उतरते. एखाद्या ठिकाणी गाठ धरली, कातडी लाल झाली आणि थंडी वाजून ताप आला, तर तो स्तनदाह असतो. या अवस्थेत पाजणे थांबवण्याचा सल्ला शेजारून हमखास मिळतो, आणि त्यानेच दुखणे वाढते. दूध तुंबून राहिल्यास गळू होण्याचा धोका असतो. पाजत राहणे, विश्रांती आणि चोवीस तासांत उतार नसल्यास डॉक्टरांकडून प्रतिजैविक, हा त्याचा क्रम आहे. ते दूध बाळाला बाधत नाही.

बाळंतिणीचे ताट

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार पहिल्या सहा महिन्यांत पाजणाऱ्या आईला नेहमीपेक्षा रोज ६०० किलोकॅलरी आणि सुमारे १७ ग्रॅम प्रथिने अधिक लागतात. गर्भारपणातल्या वाढीव गरजेपेक्षाही ही ऊर्जा जास्त आहे. ताटात मांडायचे तर दोन ज्वारीच्या भाकरी, एक वाटी घट्ट वरण, मूठभर शेंगदाणे आणि एक केळे, एवढे रोजच्या जेवणावर जास्तीचे. सगळ्यांचे झाल्यावर पातेल्यात उरेल ते खाणाऱ्या सुनेकडून हे होत नाही. तिचे ताट आधी वाढले गेले, तरच हे गणित जमते.

डिंकाचे, मेथीचे आणि अळिवाचे लाडू, खसखशीची खीर, बाळंतशेपा ही बाळंतविड्यातली मंडळी टाकाऊ नाहीत. डिंकाच्या लाडवांत तूप, खोबरे, खारीक असते, त्यातून थोडक्यात पुष्कळ ऊर्जा मिळते. अळिवात लोह भरपूर असते. मात्र कोणताही लाडू एकट्याने दूध वाढवतो याला भक्कम पुरावा नाही. दूध बाळाच्या ओढण्याने वाढते. लाडू आईची झीज भरून काढतो. रोज एक-दोन लाडू पुरेत. त्यांच्यासाठी भाजी-वरणाची जागा जाऊ नये.

नुकसान होते ते वर्ज्य पदार्थांच्या यादीने. हिरवी भाजी खाल्ली तर बाळाला हगवण, डाळ खाल्ली तर वात आणि केळे खाल्ले तर सर्दी, असे सव्वा महिना ऐकवले जाते. केळी हे बऱ्हाणपूर जिल्ह्याचे मुख्य नगदी पीक, ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेतही त्याचीच निवड झालेली. घडांनी लादलेल्या गाड्या दारावरून जातात आणि आतली बाळंतीण केळ्याला हात लावत नाही. आईने खाल्लेल्या केळ्याचा ‘थंडपणा’ दुधात उतरत नाही. सर्दी विषाणूंनी होते. केळे स्वस्त, सोलून खाण्याजोगे असल्याने स्वच्छ, आणि सुमारे शंभर किलोकॅलरी देणारे फळ आहे. एखादा पदार्थ खाल्ल्यावर बाळाला दर वेळी त्रास होताना दिसला, तरच तो पदार्थ काही दिवस बाजूला ठेवावा.

बाळंतपणातल्या रक्तस्रावाने शरीरातले लोह उतरते. सरकारी कार्यक्रमात बाळंतपणानंतर १८० दिवस रोज लोह-फॉलिक ॲसिडची एक गोळी आणि कॅल्शियमच्या दोन गोळ्या मोफत मिळतात. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतल्यास लोह नीट शोषले जात नाही, म्हणून त्यांच्यात दोन तासांचे अंतर हवे. लोहाच्या गोळीआधी-नंतर तासभर चहाही नको. लिंबू पिळलेल्या जेवणाने लोहाचे शोषण वाढते.

सवयी: टिकवायच्या आणि सोडायच्या

बाळाला घेण्याआधी, लंगोट बदलल्यावर आणि शौचानंतर साबणाने हात धुणे ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी सवय. बाळंतिणीला तेल लावून गरम पाण्याने आंघोळ घालण्याची रीत चांगली आहे. तिने अंग सैल होते आणि आयुष्यात क्वचितच मिळणारी सेवा बाईला मिळते. पण दारे-खिडक्या बंद करून खाटेखाली कोळशाची शेगडी ठेवणे धोक्याचे आहे. कोळशाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा रंग-गंध नसलेला वायू असतो आणि बंद खोलीत तो आई-बाळ दोघांचाही जीव घेऊ शकतो. ऊब हवी असेल, तर बाळाला उघड्या छातीवर घेऊन वरून पांघरूण घालावे.

मशेरी, तपकीर, गुटखा आणि विडी यांतले निकोटिन दुधात उतरते; त्याने दूधही कमी होते आणि बाळाची झोपही बिघडते. घरातल्या पुरुषाने खोलीत ओढलेल्या विडीचा धूर बाळापर्यंत पोचतोच. दारूही दुधात उतरते. चहा दोन-तीन कपांपर्यंत चालतो. औषधांच्या बाबतीत दोन्ही टोके टाळावीत. मनाने गोळी घेणे चूक, आणि कोणतेही औषध सुरू झाले की पाजणे बंद करणेही चूक. पॅरासिटामॉलसह बहुतेक नेहमीची औषधे चालतात. डॉक्टरांना ‘अंगावर पाजते आहे’ एवढे सांगितले की ते त्यानुसार निवड करतात. क्षयरोग, एचआयव्ही किंवा ब-काविळीची लागण असलेल्या मातांनाही योग्य उपचारांसह पाजता येते. खरी मनाई थोड्याच ठिकाणी असते. आईची कर्करोगावरची केमोथेरपी किंवा बाळाचा गॅलॅक्टोसेमिया ही त्यांची उदाहरणे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणे सामान्य आहे आणि ते दोन आठवड्यांत निवळते. दोन आठवड्यांनंतरही उदासी, बाळाविषयी तुटकपणा, झोप उडणे किंवा मरणाचे विचार राहिले, तर तो आजार असतो आणि त्यावर उपचार आहेत. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत मिळते. बाळ झोपले की आईने झोपणे, आणि त्या वेळात भांडी दुसऱ्याने घासणे, हे मनाच्या आणि दुधाच्या दोन्ही तब्येतीला मानवते.

बऱ्हाणपूरची एक बाळंतीण

१७ जून १६३१ रोजी बऱ्हाणपुरात मुमताज महलने मुलीला जन्म दिला आणि त्याच बाळंतपणात ती गेली. तापीपलीकडच्या जैनाबादच्या आहुखान्यात तिला आधी दफन केले. त्या वर्षाच्या डिसेंबरात पार्थिव आग्र्याला हलवले आणि पुढे ताजमहाल उभा राहिला. १६१२ ते १६३१ या एकोणीस वर्षांच्या संसारातले हे तिचे चौदावे बाळंतपण होते. चौदांपैकी सात मुले जगली. अखेरची मुलगी गौहर आरा आईविना वाढली.

या गोष्टीत आजच्या बाळंतिणीसाठी दोन धडे आहेत. पहिला बाळंतपणानंतरच्या तासांचा. मूल झाल्यावर गर्भाशय घट्ट आवळले गेले नाही, तर वारेच्या जागेतून रक्त वाहत राहते. ते आवळण्याचे काम ऑक्सिटोसिन करते, पान्हा फोडणारे तेच संप्रेरक. पहिल्या दिवसांत पाजताना ओटीपोटात कळा येतात, त्या याच आकुंचनाच्या. दवाखान्यात बाळ जन्मताच मिनिटभरात ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात, तेही यासाठीच. पाजणे हे इंजेक्शनला पर्याय नाही; पण आईचे शरीर तेच काम पुढे चालू ठेवते.

दुसरा धडा दोन बाळंतपणांतल्या अंतराचा. मुघल जनान्यात मुलांना पाजायला दाया नेमण्याची रीत होती. अकबराच्या दरबारात माहम अंगासारख्या दाया चांगल्याच वजनदार होत्या. आईने स्वतः पाजले नाही की पाळी लवकर परतते आणि पुढचे गर्भारपण जवळ येते. उलट, बाळ सहा महिन्यांच्या आतले, पाळी न आलेली आणि दिवसरात्र केवळ अंगावर पाजणे या तीन अटी एकाच वेळी पाळल्या, तर गर्भ राहण्याची शक्यता सुमारे दोन टक्के उरते. एक अट मोडली की हा भरवसा संपतो. तेव्हा तांबी, इंजेक्शन किंवा केवळ प्रोजेस्टेरॉनजन्य गोळी असे दुधाला न बाधणारे साधन घ्यावे लागते. एका बाळंतपणानंतर पुढचा गर्भ राहण्याआधी किमान दोन वर्षे जावीत, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

कामावर जाणारी आई आणि दाराशी येणारी आशा

प्रसूती रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने संघटित क्षेत्रातल्या नोकरदार बाईला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजायला दोन सुट्या द्याव्यात, हे कायद्यात आधीपासूनच होते. यंत्रमागाच्या शेडमध्ये किंवा केळीच्या बागेत रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला हे संरक्षण मिळत नाही. तिच्यासाठी हाताने दूध काढून ठेवणे हाच उपाय उरतो. अंगठा आणि तर्जनी काळ्या वर्तुळाच्या कडेवर ठेवून छातीकडे दाबायचे, मग एकमेकांकडे दाबायचे आणि सोडायचे. उकळून घेतलेल्या झाकणाच्या भांड्यात काढलेले दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकते. उन्हाळ्यात ते फ्रिजमध्येच हवे. ते वाटी-चमच्याने पाजावे. बाटलीचे बूच नीट धुतले जात नाही, आणि त्याची सवय झालेले बाळ छातीला लागेनासे होते.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ओढता येत नसेल, तर आईचे काढलेले दूध वाटीने किंवा नळीने देतात. तेही नसेल, तर दुसऱ्या मातेने दान केलेले, तपासून निर्जंतुक केलेले दूध हा पुढचा पर्याय. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात सुरू झाली.

दवाखान्यातून घरी आल्यावर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशा कार्यकर्ती घरी येते. घरोघरी नवजात बाळांची देखभाल करण्याची ही पद्धत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांत सिद्ध केली. तिथे नवजात मृत्युदर साठ टक्क्यांहून अधिक घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे हीच पद्धत देशभर आली. आशाला घरात येऊ देणे, बाळाचे वजन करू देणे आणि पाजताना बघू देणे यात कुटुंबाचा फायदा आहे.

तिची वाट न पाहता १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी, अशा खुणा ठरलेल्या आहेत. आईच्या बाबतीत तासाभरात पॅड पूर्ण भिजणे, ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, एका पोटरीत सूज-दुखणे किंवा धाप. बाळाच्या बाबतीत दूध ओढणे सोडणे, अंग तापणे किंवा गार पडणे, मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास, छाती आत ओढली जाणे, झटके, नाभीतून पू आणि तळहात-तळपायांपर्यंत उतरलेली कावीळ.

सहा महिन्यांनंतर

सहा महिने पूर्ण झाले की फक्त दूध पुरत नाही; विशेषतः लोहाचा जन्मजात साठा संपत आलेला असतो. मऊ खिचडी, वरणात कुस्करलेली भाकरी, उकडलेला बटाटा, अंडे, तूप घातलेली डाळ असे घट्टसर अन्न चमच्याने सुरू करायचे. डाळीच्या वरच्या पाण्यात काही नसते. बाळंतपणात ताटाबाहेर ठेवलेले केळे आता कुस्करून बाळाच्या वाटीत येते, आणि ते बहुतेक घरांत त्याचे पहिले फळ ठरते.

पाजणे मात्र चालूच राहते. दुसऱ्या वर्षातही बाळाच्या ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश वाटा अंगावरच्या दुधातून येऊ शकतो, आणि आजारपणात जेवण सुटले तरी बाळ हे दूध घेते. आईलाही लाभ असतो: जितका काळ पाजले, तितका स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कर्करोगाचा आणि मधुमेहाचा धोका कमी. दूध तोडायचे झाले, तर एका दिवसात कडुनिंब लावून तोडू नये. दर काही दिवसांनी एकेक वेळ कमी करावी, म्हणजे छाती दाटत नाही आणि बाळही बिथरत नाही. दोन वर्षांनंतर आई आणि बाळ दोघांना हवे असेल तोवर पाजायला हरकत नसते.